गिअर टाकला, पण गाडी हलेना!

सकाळची घाई. मुलं मागच्या सीटवर बसलीत, डबे-दप्तरं आत गेलीत. तुम्ही पिकअप सुरू करता, ब्रेक दाबून लिव्हर ‘डी’वर आणता, ब्रेक सोडता आणि गाडी जागची हलत नाही. एक सेकंद, दोन, तीन... कंटाळून तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर दाबता. इंजिन गुरगुरतं आणि गाडी एकदम धक्का देऊन पुढे जाते. ‘थंडीमुळे असेल’ म्हणत तुम्ही ते विसरूनही जाता.

विसरू नका. आणि पुन्हा असं झालं, तर अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका. इंजिन जोरात फिरत असताना गिअरने अचानक पकड घेतली, तर सुमारे दोन टनांची गाडी उडी मारते. त्या वेळी कोणी फाटक उघडत समोर उभं असेल तर? शिवाय अशा प्रत्येक वेळी गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेट्स घासून जळतात. आज कदाचित तेलावर भागणारं काम उद्या पूर्ण गिअरबॉक्स उघडण्यापर्यंत जातं.

गाडी अडते कुठे?

हायलक्स, व्ही-क्रॉस यांसारख्या पिकअपच्या ऑटोमॅटिक मॉडेलमध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. इथे क्लच पेडलचं काम तेल करतं. इंजिन सुरू झालं की पंप तेलाचा दाब तयार करतो आणि त्या दाबाने क्लच प्लेट्स एकमेकींना घट्ट धरतात. तेल कमी असेल, फिल्टर तुंबला असेल किंवा आतली सील कडक झाली असतील, तर दाब उशिरा तयार होतो. आपल्याला वाटतं, गाडी विचार करतेय!

दोन मिनिटांची चाचणी

सपाट, मोकळी जागा निवडा. गाडीच्या पुढे-मागे कोणी नको. पाय ब्रेकवर घट्ट ठेवा आणि लिव्हर ‘एन’वरून ‘डी’वर आणा. गिअर लागल्याचा हलका झटका किती वेळाने जाणवतो, ते मोजा. साधारण सेकंदा-दीड सेकंदात तो यायला हवा. मग तेच ‘आर’मध्ये करा. शेवटी हँडब्रेक सुटला आहे ना ते बघून, ‘डी’मध्ये ब्रेक हळूच सोडा. अ‍ॅक्सिलरेटर न दाबताही गाडी पुढे सरकायला हवी.

झटका वेळेवर आला, गाडी सरकलीही, पण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनच जोर धरत नसेल, तर दोष बहुधा गिअरबॉक्समध्ये नाही. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टर्बो किंवा अडकलेला ब्रेक तपासायला सांगा.

‘आर’ लगेच लागतो, पण ‘डी’ उशिरा? मग पुढच्या गिअरचा क्लच किंवा त्याचा तेलमार्ग संशयित. दोन्ही उशिरा लागत असतील, तर आधी तेलाची पातळी बघा. लिव्हरची केबल सैल असेल, तरी डॅशबोर्डवर ‘डी’ दिसतं आणि आत गिअर अर्धवट लागलेला असतो.

गाडी चालते, पण उचलताना फार जड वाटते आणि चेतावणीचा दिवा पेटलाय? गिअरबॉक्सने स्वतःला वाचवण्यासाठी वरचा एकच गिअर धरून ठेवला असण्याची शक्यता आहे. तिथे स्कॅनर लावल्याशिवाय निदान होत नाही.

तेल काय सांगतं?

अनेक गाड्यांचं ताजं गिअर तेल लाल असतं. ते काळपट झालं असेल आणि जळका वास येत असेल, तर प्लेट्स झिजल्यात. दुधाळ गुलाबी दिसलं, तर पाणी किंवा कूलंट मिसळलंय. अशी गाडी चालवू नका. काही गाड्यांना डिपस्टिक असते, काहींना नसते. पातळी इंजिन चालू ठेवून बघायची की बंद करून, हेही गाडीप्रमाणे बदलतं. म्हणून मॅन्युअल वाचा. तेल त्यात लिहिलेल्या ग्रेडचंच घाला आणि जास्त भरू नका. जास्त तेलाला फेस येतो आणि दाब पुन्हा पडतो. तेल कमी झालं असेल, तर ते कुठून गळतंय हे शोधायलाच हवं, नुसतं भरून चालणार नाही.

गाडीत नेहमी जड सामान असेल, तर तेल जास्त तापतं आणि लवकर खराब होतं. घाटात गाडी अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरायची सवय असेल, तर तीही सोडा. चढावर थांबायचं ते ब्रेकवर.

रस्त्यातच अडलात तर

इंजिन फिरतंय, गाडी हलत नाही, अशा वेळी हॅझार्ड लाइट लावा आणि मुलांना रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी उभं करा. धक्का स्टार्ट इथे उपयोगाचा नाही. दोरी बांधून ओढतही नेऊ नका. इंजिन बंद असताना चाकं फिरली, तर गिअरबॉक्सला तेल मिळत नाही. चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेड गाडीच मागवा.

गॅरेजमध्ये ‘गाडी उचलत नाही’ एवढंच सांगू नका. ‘सकाळी थंड असताना डी लागायला चार सेकंद लागतात, आर लगेच लागतो, तापल्यावर ठीक होतं,’ असं सांगा. मग आधी तेल, केबल, स्कॅनर आणि तेलाचा दाब एवढं तपासून घ्या. या चार गोष्टी होण्याआधीच कोणी गिअरबॉक्स उघडायची भाषा केली, तर दुसऱ्या मेकॅनिकचंही मत घ्या.