गाडीची वही कोणाच्या हाती?

बचत गटाचं खातेपुस्तक पैचा हिशेब जुळेपर्यंत खाली न ठेवणारी बाई, स्कूटरची वही ठेव म्हटलं की हसते. "ते हे बघतात," म्हणते. मग स्कूटर चालवतं कोण? पनवेलच्या रस्त्यांवर सकाळी पाहा. मुलं शाळेत सोडून, गाडी स्टेशनला लावून लोकल गाठणाऱ्या बायका किती! पण आरसी बुकात नाव त्याचं आणि गॅरेजशी बोलणंही त्याचंच. शेतात राबणारीचं सातबाऱ्यावर नाव नसतं, तीच ही गोष्ट, फक्त शहरात आलेली.

गॅरेजमध्ये पुरुषाचं म्हणणं तक्रार असते, बाईचं म्हणणं तिचा गैरसमज. गेल्या पावसाळ्याआधी मी स्कूटर सर्व्हिसिंग करून आणली. आठ दिवसांनी गाडीखाली तेलाचं थारोळं. ऑइल काढायचा बोल्ट नको तितका आवळला की आटे जातात, तसे गेले होते. गॅरेजवाला म्हणाला, "मॅडम, स्पीडब्रेकरला घासली असेल. साहेबांना पाठवा." मी साहेबांना पाठवलं नाही, वही उघडली. सर्व्हिसिंगची तारीख, त्या दिवशीचं रीडिंग, ऑइल बदलल्याची नोंद आणि खाली त्याच्याच कारागिराची सही. मधे गाडी चालली होती जेमतेम ९६ किलोमीटर, आणि खालून एक ओरखडा नव्हता. त्याने वही दोनदा वाचली. नवे आटे पाडून, ऑइल भरून दिलं, पैसे घेतले नाहीत. माझा आवाज एकदाही चढला नाही. चढला असता तर तो तेवढंच धरून बसला असता.

वहीत लिहायचं ते थोडंच. तारीख, किलोमीटर, कोणता पार्ट, किती पैसे, काम कोणी केलं. मात्र तक्रार लिहिताना लक्षण लिहा, निदान नको. "ब्रेक शू बदला" असं सांगितलं की बदलतात, आणि आवाज तसाच राहिला तर म्हणतात, तुम्हीच सांगितलंत. "उतारावर मागचा ब्रेक दाबला की करकर होते" असं लिहिलं तर कारण शोधणं त्याचं काम. काढलेला जुना पार्ट मागून घ्या. फुटपाथवरचा मेकॅनिक बिल देत नसेल तर वहीत सही घ्या. यात संशयीपणा कसला? कळंबोलीच्या ट्रकमालकाने टायरची नोंद ठेवली तर त्याला आपण व्यवहारी म्हणतो.

चूक कोणाच्याही हातून होते. त्यातून गॅरेजमधली पोरं सकाळपासून रात्रीपर्यंत वाकून काम करतात, त्यांच्यावर तोंड टाकायला मला आवडत नाही. राग येतो तो चूक झाकून ती बाईच्या चालवण्यावर ढकलण्याचा.

कायदाही आपल्या बाजूला आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या जागी २०१९ चा कायदा आला आणि जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात पावती नाकारणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे. सदोष सेवेबद्दल २ वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येतं. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही लागत नाही. पैसे नवऱ्याने दिले असले तरी त्याच्या संमतीने सेवा घेणारी बाई कायद्याने ग्राहकच. अर्थात रायगडचा आयोग अलिबागला. तीनशे रुपयांच्या पार्टसाठी तिथवर जाऊन रोज बुडवणं कोणाला परवडेल? आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करावा.

आमच्या गटात आता दर महिन्याला पासबुकांबरोबर गाड्यांच्या वह्याही येतात. गेल्या बैठकीत दोघींच्या वह्या शेजारी ठेवल्या, तर एकाच गॅरेजने दोघींचे ब्रेक शू चार महिन्यांत दोनदा बदललेले. एकीचे तर जुने शू पिशवीत होते, अर्धेही झिजलेले नाहीत. सोमवारी दोघी मिळून तिथे जाणार आहेत, वह्या आणि पिशवी घेऊन.