होकाराला कारण लागत नाही

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966 सालचा. त्याच्या कलम 45 नुसार नियोजन प्राधिकरणाने, म्हणजे बहुतेक शहरांत महापालिकेने किंवा नगरपरिषदेने, विकास परवानगी नाकारली किंवा तिला अट घातली, तर आदेशात त्याचे कारण द्यावे लागते. परवानगी दिली, तर ती का दिली हे सांगण्याचे बंधन नाही. 60 दिवसांत काहीच कळवले नाही, तर नियमांत बसणारी परवानगी मिळाली असे धरले जाते. निर्णय न पटलेल्या अर्जदाराला कलम 47 खाली 40 दिवसांत शासनाकडे अपील करता येते. पण त्या परवानगीमुळे ज्याचा उजेड जाणार, ज्याच्या दारातले पाणी तुंबणार, त्या शेजाऱ्याचा या कलमात उल्लेखही नाही.

जमीनमालकाला सरकारी मनमानीपासून संरक्षण हवे, ही त्यामागची दृष्टी रास्तच होती. पण आज आपल्या शहरांत भीती नकाराची राहिलेली नाही. भीती होकाराची आहे, आणि होकार तपासायला लोकांच्या हातात कायद्याने फारसे काही दिलेले नाही. नव्या नगरसेवकांचा कारभार सुरू होत असताना याविषयी बोलायला हवे. कारण पुढच्या चार-पाच वर्षांत जे मंजूर होईल, ते पन्नास वर्षे उभे राहील.

बांधकाम परवानग्या नगरसेवक देतात असा अनेकांचा समज असतो. तसे नाही. आर्किटेक्ट ऑनलाइन नकाशे दाखल करतो, कनिष्ठ अभियंता जागा पाहतो, फाइल उपअभियंता, कार्यकारी अभियंता अशी चढत जाते, आणि मोठे प्रकरण असेल तर आयुक्तांपर्यंत पोहोचते. या वाटेवर लोकांसमोर भरणारी एकही बैठक नाही. शेजाऱ्यांना पहिली बातमी कळते ती प्लॉटभोवती पत्रे उभे राहतात तेव्हा.

तो नकाशा एकदा समोर घेऊन बसावे. हद्द जाड काळ्या रेषेत, नवे काम लाल रंगात, पाडायचे काम पिवळ्या तिरप्या रेषांनी दाखवलेले असते. कडेला क्षेत्रफळाचा तक्ता असतो: प्लॉटचे क्षेत्र, रस्तारुंदीची वजावट, मूळ एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक), प्रीमियम एफएसआय, टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क), सामासिक अंतरे, पार्किंग. या सगळ्याच्या मुळाशी एक साधा आकडा असतो, समोरच्या रस्त्याची रुंदी. रस्ता 6 मीटरचा की 9 मीटरचा यावर टीडीआर वापरता येणार की नाही हे ठरते, आणि त्यावर इमारत चार मजली होणार की आठ मजली हे ठरते. तो आकडा खरा आहे का, हे त्या गल्लीतली माणसे टेप लावून अर्ध्या तासात सांगतील. तिथला ओढा कुठून वाहत होता, विहीर कुठे बुजवली, पावसात पाणी किती चढते, हेही सांगतील. त्यांना कोणी विचारत नाही.

न विचारण्याचे परिणाम आपण पाहिले आहेत. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याच्या पुराने सोसायट्यांच्या सीमाभिंती आणि माणसे वाहून नेली. 25 जुलै 2024 ला खडकवासला धरणाचा विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत तळमजले पाण्याखाली गेले. पाऊस आणि धरणाचे व्यवस्थापन ही कारणे आहेतच. पण ओढ्याच्या काठाला आणि नदीच्या पूररेषेला किती खेटून बांधू द्यायचे, हा निर्णय पावसाने घेतलेला नव्हता.

आपल्या नगररचनेचा सांगाडा इंग्लंडमधून आला. तिथे 1909 साली पहिला कायदा झाला, आणि पाठोपाठ 1915 साली मुंबई नगररचना कायदा आला. इंग्लंडमध्ये आज एखाद्याने बांधकामाचा अर्ज केला, की शेजाऱ्यांना पत्र जाते किंवा जागेवर नोटीस लागते, आणि म्हणणे मांडायला 21 दिवस मिळतात. वादाची प्रकरणे निवडून आलेल्या सदस्यांच्या नियोजन समितीसमोर खुल्या सभेत येतात. अधिकाऱ्यांचा अहवाल सभेच्या काही दिवस आधी प्रसिद्ध होतो, अनेक ठिकाणी रहिवाशाला सहसा तीन मिनिटे बोलू देतात, आणि ज्या सदस्याचा त्या जागेत हितसंबंध आहे त्याला तो जाहीर करावा लागतो. तिथे सगळे आलबेल आहे असे नाही. बहुतांश अर्ज तिथेही अधिकारीच निकाली काढतात, शेजाऱ्याला अपिलाचा हक्क तिथेही नाही, आणि घरांच्या टंचाईचे कारण देऊन या समित्यांसमोर काय यावे हे सरकारने ठरवण्याचा कायदा 2025 मध्ये झाला आहे. तरीही निर्णय होण्याआधी शेजाऱ्याला अर्जाची खबर मिळते. आपण कायदा घेतला, ती नोटीस मात्र घेतली नाही.

आपल्याकडे लोकांना बोलायची संधी मिळते ती विकास आराखड्याच्या वेळी. कलम 26 खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती-सूचना मागवल्या जातात, आणि कलम 28 खाली नियोजन समिती त्या ऐकते. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि शासनाकडून नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. चौघेही नेमले, तर निवडून आलेल्यांचे बहुमत तिथेही उरत नाही.

ही सुनावणी ज्याने पाहिली आहे तो ती विसरत नाही. सकाळची वेळ दिलेली माणसे दुपारपर्यंत बाहेरच्या बाकांवर बसलेली असतात. प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, फेरफार, जुना मोजणी नकाशा. नाव पुकारले की आत जायचे, आणि बोलायला सुरुवात करताच समोरून प्रश्न येतो, "आजोबा, तुमचं लेखी आलंय ना? मग ते वाचू आम्ही." आजोबा म्हणतात, "साहेब, लेखीत विहीर नाही आली." साहेब मान हलवतात आणि पुढचे नाव पुकारले जाते. त्यांच्या हरकतीचे पुढे काय झाले, ती का फेटाळली, हे त्या माणसाला कधीच पत्राने कळत नाही. हरकत नोंदवली गेली, पण तिला उत्तर मिळाले नाही.

पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा 2013 मध्ये हरकतींसाठी खुला झाला, तेव्हा सुमारे 87 हजार हरकती आल्या. सात जणांच्या नियोजन समितीत फूट पडली, नगरसेवकांचे मत वेगळे आणि तज्ज्ञांचे वेगळे. मुदती उलटल्या. 2015 मध्ये राज्य शासनाने आराखडा महापालिकेच्या हातून काढून घेतला आणि विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली तीन अधिकाऱ्यांकडे सोपवला. मंजुरी आली जानेवारी 2017 मध्ये. हा आराखडा होता 2007 ते 2027 या वीस वर्षांचा. म्हणजे त्यातली दहा वर्षे कागदावरच गेली, आणि त्या दहा वर्षांत शहर थांबले नव्हते.

मंजूर आराखडाही टिकत नाही. कलम 37 खाली त्यात किरकोळ फेरबदल करता येतात, पण 'किरकोळ' किती मोठे असू शकते हे कोणत्याही महापालिकेच्या फेरबदलांची यादी पाहिली की कळते. कलम 127 प्रमाणे दहा वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देतो, आणि 24 महिन्यांत पालिकेने पाऊल उचलले नाही तर आरक्षण आपोआप संपते. मालकाची जमीन अडवून ठेवू नये हे न्यायाचेच आहे. पण नोटीस आल्यावर पालिका दोन वर्षे गप्प बसली, तर शाळेचे मैदान जाते आणि त्यासाठी कोणालाही सही करावी लागत नाही. ज्या प्रभागातले मैदान गेले, तिथल्या लोकांना ती नोटीस आल्याचे पालिकेने सांगितलेलेच नसते.

हे सगळे समित्यांच्या हाती दिले की प्रश्न सुटेल, असे मी म्हणणार नाही. 2020 मध्ये पुण्यातल्या 323 रस्त्यांची रुंदी 6 वरून 9 मीटर करण्याचा प्रस्ताव नगरसेवकांच्या स्थायी समितीतच आला होता, आणि त्याचा लाभ टीडीआर वापरणाऱ्यांना होणार हे उघड होते. समिती असो की साहेब, बंद दाराआडचा निर्णय कोणाच्याही हाती धोकादायकच असतो. 2022 च्या मार्चमध्ये मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि जवळपास चार वर्षे प्रशासक राहिले. आयुक्तच प्रस्ताव मांडणार, आयुक्तच स्थायी समिती आणि आयुक्तच मुख्य सभा. त्या काळात प्रश्न विचारायलाही कोणी उरले नाही. जानेवारी 2026 च्या निवडणुकांनी नगरसेवक परत आणले, ते हवेच होते. पण त्यांच्यासोबत जुनी सवयही परतू शकते. नगरसेवकांच्या शहर सुधारणा समितीत ऐनवेळी विषय दाखल करायचा, दोन ओळींची उपसूचना जोडायची, चर्चेविना मंजूर करायचा आणि इतिवृत्त महिन्याने काढायचे. हरकत घ्यायची असेल त्याला तोवर कळतच नाही.

या बंद दारांचे सर्वांत मोठे मोल कोण देतो, ते डोंबिवलीत दिसले. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीत 65 इमारती पालिकेच्या खोट्या परवानग्यांवर उभ्या राहिल्या. खोटा शिक्का, खोटी सही, खोटा जावक क्रमांक. त्याच कागदांवर महारेराची, म्हणजे गृहप्रकल्पांच्या नियामक प्राधिकरणाची, नोंदणीही मिळाली, त्या नोंदणीवर विसंबून लोकांनी कर्जे काढून घरे घेतली, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये उच्च न्यायालयाने कारवाईचा आदेश दिला तेव्हा हजारो कुटुंबांना कळले की आपली इमारत कागदावर नाहीच. यावर सगळे बिल्डरांच्या गुन्हेगारीबद्दल बोलले. ती होतीच. पण खोटा कागद चालतो कधी? खरा कागद कोणी पाहू शकत नाही तेव्हा. पालिकेने दिलेली प्रत्येक परवानगी, तिच्या नकाशासह, कोणालाही क्रमांक टाकून पाहता आली असती, तर घर घेणाऱ्या पहिल्याच माणसाने दहा मिनिटांत ओळखले असते की हा क्रमांक पालिकेच्या दप्तरात नाही.

नालासोपाऱ्यात तर आराखडाच डावलला गेला. सांडपाणी प्रक्रिया केंद्रासाठी आणि कचरा डेपोसाठी आराखड्यात आरक्षित असलेल्या जमिनीवर 41 इमारती उभ्या राहिल्या. न्यायालयाच्या आदेशानंतर त्या पाडल्या गेल्या आणि अडीच हजारांच्या आसपास कुटुंबे उघड्यावर आली. एवढ्या इमारती एका रात्रीत उठत नाहीत. पाया खोदताना, स्लॅब पडताना, वीजजोडणी मिळताना, घरपट्टी लागताना कोणीतरी तिथून जात-येत होते. मुंब्र्याजवळ शीळफाट्याला 4 एप्रिल 2013 रोजी कोसळलेली इमारतही काही महिन्यांत, सर्वांच्या डोळ्यांदेखत उभी राहिली होती. त्यात 74 माणसे गेली.

यावर शासनाने दिलेला उपाय म्हणजे नियमितीकरण. 2017 मध्ये कायद्यात कलम 52अ आले, आणि 31 डिसेंबर 2015 पर्यंतची काही अनधिकृत बांधकामे दंड भरून कायम करण्याची वाट मोकळी झाली. राहणाऱ्यांची अगतिकता मला समजते, त्यांना रस्त्यावर आणावे असे माझे म्हणणे नाही. पण प्रत्येक नियमितीकरण पुढच्या बेकायदा इमारतीला भरवसा देते, की तारीख पुढे सरकेल.

मग काय करायचे? मोठ्या समित्या आणि नवे आयोग नकोत. अर्ज दाखल झाला त्याच दिवशी प्लॉटवर मोठ्या अक्षरांत फलक लागावा: सर्व्हे नंबर, मजले, रस्त्याची रुंदी, टीडीआर आणि नकाशा पाहण्याचा क्रमांक. आजही फलक असतो, पण तो काम सुरू झाल्यावर लागतो आणि पहिल्या पावसात पुसट होतो. शेजाऱ्यांना 21 दिवस द्यावेत, त्यांनी घेतलेल्या हरकतीला मंजुरीच्या आदेशात एका ओळीचे का होईना उत्तर असावे, आणि होकारालाही कारण लिहिण्याची सक्ती कलम 45 मध्ये यावी. कलम 127 ची नोटीस आली की ती त्या प्रभागात जाहीर व्हावी. शहर सुधारणा समितीचा विषय सात दिवस आधी नकाशासह उघड न झाल्यास तो सभेत घेऊच नये. यातले शेवटचे दोन बदल करायला विधानसभेचीही गरज नाही, मुख्य सभेचा ठराव आणि आयुक्तांचे परिपत्रक पुरेल.

बांधकाम व्यवसायातल्या अनेकांचे म्हणणे असते की यामुळे परवानग्या रखडतील आणि घरे महागतील. ही शंका खोटी नाही. हरकतीचा धंदा करणारेही असतात, माहिती अधिकाराचे अर्ज टाकून तडजोडीला बोलावणारे प्रत्येक शहरात ठाऊक आहेत. पण त्यांचा धंदा चालतो तो फाइल बंद असते म्हणूनच. जे सर्वांना दिसते ते दाबून ठेवण्याचे पैसे कोणी देत नाही. आणि 21 दिवसांच्या विलंबाचा खर्च मोजायचा, तर डोंबिवलीतल्या त्या कुटुंबांचे हप्तेही त्याच हिशेबात मांडावे लागतील.

पुण्याच्या त्या आराखड्याची मुदत 2027 मध्ये संपते आहे. पुढचा प्रारूप आराखडा लोकांसमोर येईल तेव्हा हरकती पुन्हा हजारोंनी येतील. त्या प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर देण्याचा ठराव महापालिका आज, प्रारूप आराखडा लोकांसमोर येण्याआधी, करू शकते.