मुक्या जिवांचे औषधपाणी

घरातील माणूस आजारी पडला तर खर्चाची तोंडमिळवणी कशी करावी, याचा काही आराखडा मध्यमवर्गीय कुटुंबाजवळ असतो. सरकारी रुग्णालय असते, विमा असतो, पतपेढीचे तातडीचे कर्ज असते. घरातले कुत्रे वा मांजर मध्यरात्री अत्यवस्थ झाले, तर यातील फारच थोडे उपयोगी पडते. रात्री उघडा असणारा दवाखाना बहुधा खाजगी असतो. क्ष-किरण, रक्ततपासणी, सलाईन, शस्त्रक्रिया अशी बेरीज वाढत जाते आणि कारकुनाच्या वा शिक्षकाच्या पगाराचा मोठा हिस्सा एका रात्रीत खर्ची पडतो. पैसा उभा राहिला नाही, तर उपचार थांबवावे लागतात. काही जण आजारी जनावर रस्त्यावर सोडून मोकळे होतात, हे कटू असले तरी सत्य आहे.

प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा प्राणी बाळगणाऱ्यावर त्याच्या स्वास्थ्याची जबाबदारी टाकतो. प्राणी उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत त्याला विनाकारण सोडून देणे हा गुन्हा होय. परंतु पहिल्या गुन्ह्याबद्दल या कायद्याने ठरविलेला दंड १० ते ५० रुपयांचा! कर्तव्य महाग आणि कर्तव्यच्युती स्वस्त, अशी ही व्यवस्था आहे. केवळ दंड वाढवून ती पालटणार नाही. माणसे अधिक अंधारात जनावर सोडतील, एवढेच. कर्तव्य आवाक्यात आणणे हाच खरा उपाय आहे.

'झेपत नसेल तर पाळू नये' असे उत्तर यावर नेहमी दिले जाते आणि ते सर्वस्वी चूक नाही. पिल्लू आणताना त्याची किंमत पाहिली जाते. पुढील दहा-बारा वर्षांचा खर्च कोणी मांडत नाही. वस्तुतः तातडीचे म्हणून येणारे कित्येक आजार टाळता येण्याजोगे असतात. पिल्लांना रक्ताची हगवण लावणारा पार्व्हो लसीने टळतो. गर्भाशयात पू झाल्यामुळे करावी लागणारी शस्त्रक्रिया वेळीच केलेल्या नसबंदीने टळते. गोचीडताप गोचिडांच्या बंदोबस्ताने बव्हंशी टळतो. बोक्याची लघवी अडणे किंवा वाहनाची धडक मात्र सांगून येत नाही. त्यासाठी दरमहा ५०० रुपये वेगळे ठेवले, तर दोन वर्षांत १२,००० रुपये साठतात. कुत्र्यांचा विमाही मिळतो. पण त्यातील वयाच्या अटी आणि वगळलेले आजार आधी वाचले पाहिजेत.

दुसरी बाजू डॉक्टरांची. वैद्यकसेवेच्या बाजारात विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते, याची मीमांसा केनेथ अ‍ॅरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये केली होती. येथे तर रुग्णाला आपले दुखणेही सांगता येत नाही. डॉक्टर लुबाडतात, ही सरसकट ओरड अन्यायाची आहे. यंत्रे, औषधे आणि रात्रपाळीचे सहायक यांचा भार खाजगी पशुवैद्याला अनुदानाविना उचलावा लागतो. तथापि उपचारापूर्वी लेखी अंदाज देणे, कमी खर्चाचा पर्याय असल्यास सांगणे आणि आशा नसेल तेथे वेदनारहित मृत्यूचा मार्गही संकोच न करता समजावणे, एवढी अपेक्षा रास्त आहे.

राहिले शासन. आपली पशुवैद्यक व्यवस्था गुराढोरांसाठी उभी राहिली. पशुधनाच्या विमाहप्त्यात शासन वाटा उचलते. १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास येणारी फिरती पथकेही मुख्यतः पशुपालकांसाठी आहेत. बैल आणि म्हैस ही शेतकऱ्याची उपजीविका असल्याने हा अग्रक्रम योग्यच आहे आणि शहरी कुत्र्यासाठी त्यात वाटा मागणे गैर ठरेल. परंतु शहरांजवळ स्वतःची साधने नाहीत असे नाही. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय एकोणिसाव्या शतकातील दानातून उभे राहिले. महालक्ष्मी येथे २०२४ मध्ये टाटा न्यासांचे लहान प्राण्यांसाठीचे रुग्णालय सुरू झाले. इंग्लंडमध्ये मारिया डिकिन यांनी १९१७ मध्ये लंडनच्या गरीब वस्तीत काढलेल्या दवाखान्यातून वाढलेली संस्था आजही अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांच्या प्राण्यांवर उपचार करते.

मुंबईबाहेर काय, हा खरा प्रश्न आहे. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत. तेथे उत्पन्नानुसार शुल्क आकारणारा रात्रीचा कक्ष चालविल्यास विद्यार्थ्यांना अनुभव मिळेल आणि नागरिकांना आधार. अन्य शहरांत खाजगी पशुवैद्यांची रात्रपाळी लावून नगरपालिकेने तिचा काही खर्च उचलावा. मुंबई-पुण्यासारख्या महापालिका कुत्र्याच्या परवान्याचे शुल्क घेतातच; ते या कामासाठी राखून ठेवले, तर आज शुल्क चुकविणारेही ते खुशीने भरतील. रक्कम सुरुवातीला थोडी असेल. पण ज्याने प्राणी पाळला त्याच्याच वर्गणीतून संकटात सापडलेल्या शेजाऱ्याचा भार हलका होईल. शिक्षक आणि कारकून यांना पतपेढ्यांमुळे हे तत्त्व अपरिचित नाही. ते घरातील मुक्या जिवापर्यंत नेण्यास फार मोठ्या तिजोरीची गरज नाही.