चौथा संघसुद्धा हवा

लीग ऑफ लेजंड्स हा संगणकावरचा खेळ आहे. एका संघात ५ जण असतात. त्याची जागतिक स्पर्धा २०११ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी युरोपचा संघ जिंकला, नंतर २०२५ पर्यंत एकदाही नाही. चीन ३ वेळा जिंकला, दक्षिण कोरिया १० वेळा! कोरियाच भारी, असं दादा म्हणतो. पण का? २०२२, २०२४ आणि २०२५ साली कोरियाचा चौथ्या क्रमांकाचा संघ जगात पहिला आला. म्हणून मला वाटते, ज्याचा चौथा संघही तयार, तोच देश बळकट. घरातच तगडा सराव मिळतो. आपल्या वर्गात कबड्डीचा एकच संघ खेळतो, बाकीचे नुसत्या टाळ्या वाजवतो. गुरुजी, आमचेही संघ करा ना!