गरिबाघरचें तान्हें मूल

मूल बोलूं लागलें म्हणजेच तें शिकूं लागतें, असा पुष्कळ पालकांचा समज असतो. जमैकांतील किंग्स्टन शहरीं १९८६-८७ सालीं खुरटलेल्या १२९ गरीब बालकांवर झालेला प्रयोग याच्या उलट सांगतो. आरोग्यसेविका आठवड्यांतून एकदां तासभर घरीं जात आणि टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांनीं मुलाशीं कसें खेळावें, बोलावें, हें आईस दाखवीत. दोन वर्षांनीं भेटी थांबल्या. पण तीं मुलें बाविशींत आलीं तेव्हां त्यांची मिळकत, भेटी न लाभलेल्यांहून सुमारें शेंकडा २५ अधिक भरली. नुसत्या दुधाच्या पूरक आहारानें तेवढें साधलें नाहीं.

यावरून गरीब मातेस कोणी दोष देईल, तर तो अन्याय होय. मोलमजुरी करणाऱ्या आईपाशीं माया असते, सवड नसते. ती मिळवून देणें, आमच्या मतें, अन्न पुरविण्याइतकेंच सरकारचें काम आहे. घरीं तान्हें भावंड असलेल्या विद्यार्थ्यांनीं तोंवर वाटी-चमचा वाजवून पाहावा.