फुकटाचे मोल

यंदाच्या वार्षिक अंकासाठी मजकूर मागविताना, लेख शक्यतो संगणकावर देवनागरीत टंकलिखित करून द्यावेत, अशी सूचना आम्ही फळ्यावर लिहिली आणि वर्गाबाहेर पडलो. ते कसे करावे व त्यासाठी काय लागते, हे सांगायचे मात्र राहून गेले. पंधरा दिवसांनी इयत्ता नववीतील एक विद्यार्थी आपला निबंध घेऊन आला. तो हातानेच लिहिलेला होता. कारण विचारले तेव्हा प्रथम तो काही बोलेना. मग हळूहळू सारी हकीकत बाहेर आली.

बोली लावून वस्तू विकणाऱ्या एका संकेतस्थळावर त्याने 'संपूर्ण मराठी सॉफ्टवेअर संच, पाचशे फॉन्टांसह' अशी जाहिरात पाहिली होती. चित्रात एक झगझगीत खोके होते. बोली वाढत वाढत ३६० रुपयांवर गेली आणि त्याच्या नावावर थांबली. शिवणकाम करून घर चालविणाऱ्या त्याच्या आईने ते पैसे भरले. खोके काही आले नाही. आला तो एक ईमेल. त्यात दोन पानांची एक यादी होती आणि त्या यादीत काही संकेतस्थळांचे पत्ते होते. त्या पत्त्यांवर जे मिळत होते, ते कोणालाही, केव्हाही, एक पैसाही न देता मिळत होते. जाब विचारताच विक्रेत्याने उत्तर पाठविले, "जाहिरातीच्या तळाशी 'ही माहितीची विक्री आहे' असे लिहिलेले होते. माहिती आपणांस मिळाली आहे."

हे उत्तर वरवर पाहता निरुत्तर करणारे आहे, म्हणूनच त्याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

कोणी म्हणेल, विनामूल्य वस्तू विकणे हा काही गुन्हा नव्हे. ते खरेच आहे. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. 'मुक्त' या शब्दाने त्यांना वापरणाऱ्याचे स्वातंत्र्य अभिप्रेत होते, फुकटेपणा नव्हे. पुढे ते स्वतःच इमॅक्स या आपल्या सॉफ्टवेअरच्या चुंबकीय फिती टपालाने १५० डॉलरना विकत असत. परंतु ते मोल फितीचे आणि ती पाठविण्याच्या खटाटोपाचे होते. ज्याच्याकडे जाळ्याची सोय आहे त्याने ते विनामूल्य उतरवून घ्यावे, मित्राला द्यावे, ही मोकळीक उघडपणे दिलेली होती. आपल्या गल्लीतील झेरॉक्सवालाही शासनाचा विनामूल्य अर्ज छापून देताना दोन रुपये घेतो. त्याला आपण लबाड म्हणत नाही, कारण तो कागदाचे पैसे घेतो हे आपणांस ठाऊक असते. दोष विक्रीत नाही, लपविण्यात आहे. ज्या दिवशी ग्राहकाला 'हे अन्यत्र फुकट मिळते' हे कळेल, त्या दिवशी जो व्यापार बंद पडेल, तो व्यापार अज्ञानाचा आहे, माहितीचा नव्हे.

फॉन्टांच्या बाबतीत तर हा प्रकार त्याहूनही पुढे जातो. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडविलेला 'मुक्त' हा सुबक देवनागरी फॉन्ट, किंवा गूगलचे नोटो फॉन्ट, हे 'ओपन फॉन्ट लायसन्स' या परवान्याखाली सर्वांस खुले आहेत. हा परवाना वापर, नक्कल, फेरफार या साऱ्यांस मुभा देतो. मात्र नुसता फॉन्ट सुटा विकण्यास तो स्पष्ट मनाई करतो. म्हणजे ज्यांनी अक्षरे घडविली त्यांनी दाम मागितला नाही, आणि ज्याने एक रेघही ओढली नाही तो मात्र बोली पुकारतो!

मांडवीच्या बाजारातील लिलावात निदान वस्तू डोळ्यांसमोर असते. तांब्याला पोचा आहे की काय, हे हात लावून पाहता येते. महाजालावरील लिलावात ही सोय नाही. ही रीत तशी जुनीच. ई-बे १९९५ साली सुरू झाले. २००४ मध्ये त्याने आपल्याकडील बाझी डॉट कॉम विकत घेतले. २०१८ मध्ये ई-बे इंडिया बंद झाले. परंतु बोलीची मोहिनी कायम आहे. दुसरा कोणी अधिक देतो आहे एवढ्यावरूनच वस्तू मोलाची असली पाहिजे, असे मन मानू लागते.

म्हणून अशी जाहिरात डोळसपणे वाचावी. सॉफ्टवेअरचे नेमके नाव, आवृत्ती आणि परवाना यांचा उल्लेख नसेल आणि 'हजार प्रोग्रॅम', 'पाचशे फॉन्ट' असे नुसते आकडेच असतील, तर सावध व्हावे. चित्रात खोके आणि वर्णनात 'ईमेलने मिळेल' असे असेल, तर खोक्याचे काय होणार, हे विचारावे. 'फक्त तीनच नग शिल्लक' असे लिहिलेले असेल, तर ते वाक्यच स्वतःच्या विरुद्ध साक्ष देते. संगणकावरील फाइलच्या लाख नकला काढल्या तरी मूळ फाइल तशीच राहते. ती संपणार कशी? 'आपणही हेच विकून कमाई करा' असे आमिष असेल, तर यादीचा खरा उपयोग पुढचा भाबडा शोधणे एवढाच आहे, असे समजावे. आणि सर्वांत सोपी कसोटी ही की, पैसे भरण्यापूर्वी त्या वस्तूचे नाव 'विनामूल्य' या शब्दासह शोधून पाहावे. ई-व्यापारासंबंधीच्या २०२० च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार विक्रेत्याचे नाव व पत्ता दाखविणे आणि तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत देणे, हे असे बाजार चालविणाऱ्यांचे कर्तव्य आहे. दाद न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

तथापि एवढे सांगून आमचे समाधान होत नाही. 'फुकट ते पौष्टिक' म्हणून हसणारा आपला समाज प्रत्यक्षात फुकटाला भितो. ज्याला किंमत नाही त्यात काही खोट असणार, असे त्यास वाटते. शिवाय फुकट वस्तू कोठे आहे हे सांगणारा कोणी भेटत नाही. केंद्र शासनाने २००५ सालापासून भारतीय भाषांतील फॉन्ट व सॉफ्टवेअर यांच्या तबकड्या विनामूल्य वाटल्या. त्याची वार्ता कितीशा घरांत पोचली?

वडोदऱ्याला हा धडा नवा नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पण वाचायला शिकलेल्या माणसाला पुस्तक मिळाले नाही तर ते शिक्षण वाया जाईल, हेही त्यांनी ओळखले. १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन यांना पाचारण करून ग्रंथालयांची योजना आखली गेली आणि येथून पुस्तकांनी भरलेल्या फिरत्या पेट्या खेडोपाडी विनामूल्य जाऊ लागल्या. ज्ञान मोफत असणे त्यांनी पुरेसे मानले नाही. ते दारापर्यंत नेऊन पोचविले. जेथे अशी पेटी पोचत नाही, तेथे यादी विकणारा पोचतो.

त्या मुलाच्या बाबतीत पेटी पोचविण्याचे काम आमचे होते, आणि ते आम्ही केले नाही. 'टंकलिखित करून द्या' या आमच्या तीन शब्दांची किंमत त्याच्या आईने मोजली. आता संगणक-कक्षाच्या दारावर एक कागद लावला आहे. कागदपत्रे लिहिण्यासाठी लिबरऑफिस, अक्षरांसाठी वर सांगितलेले फॉन्ट, आणि विंडोजमध्ये मुळातच असलेला मराठी कळफलक सुरू करण्याची रीत त्यावर लिहिली आहे. खाली मोठ्या अक्षरांत 'यांपैकी कशासही पैसे पडत नाहीत' असे आहे. विद्यार्थिमित्रांनो, तो कागद उतरवून घ्या आणि शेजारच्या घरी द्या. त्यास आमची पूर्ण अनुज्ञा आहे.

ते ३६० रुपये अद्याप परत आलेले नाहीत. तक्रार नोंदविली आहे. त्या विद्यार्थ्याचा निबंध मात्र याच अंकात आहे. तो त्याने स्वतः टंकलिखित केला आहे, आणि त्यासाठी त्याला काहीही द्यावे लागलेले नाही.