निवेदकाची जात

कथाकादंबरीत जातीचा उल्लेख नको, जात लिहिल्याने जात वाढते, असे सांगणारी सगळीच मंडळी प्रतिगामी असतात असे नाही. त्यांतील कित्येकांनी पाणवठ्यांच्या सत्याग्रहात भाग घेतलेला असतो, कित्येकांनी स्वतःच्या घरात आंतरजातीय लग्ने लावलेली असतात. त्यांचे म्हणणे असे की, लेखकाने माणूस लिहावा. त्याची जात लिहून जखमेवरची खपली कशाला काढावी? म्हणणे सद्हेतूचे आहे यात शंका नाही. परंतु सद्हेतूने केलेली चूक ही चूकच असते, आणि वाङ्मयाच्या प्रांतात ती फार दिवस चालत आलेली आहे.

जातीचा उल्लेख टाळलेली मराठी कादंबरी वस्तुतः जातीविना असते काय? नायकाचे आडनाव पहिल्या पानावर येते आणि वाचकाला हवे ते सर्व कळून चुकते. पुढे स्वयंपाकघरातले पदार्थ, देव्हारा, आईचे सोवळे, मामाची वकिली, पुण्यातील वाडा यांनी उरलेसुरले स्पष्ट होते. जातीचे नाव घ्यावे लागत नाही, कारण ती जात म्हणजेच ‘माणूस’ असे गृहीत धरलेले असते. नाव घ्यावे लागते ते इतरांचे. जात न सांगता कथा सांगता येणे ही सोयसुद्धा वरच्या पायरीवरच्यांनाच उपलब्ध आहे. खालच्या पायरीवरचा माणूस कथेत आला की तो आपली जात घेऊनच येतो, आणि बहुधा तेवढ्याचसाठी त्याला बोलावलेले असते.

यापेक्षाही सूक्ष्म अशी एक गोष्ट आहे आणि तिची चर्चा मराठी समीक्षेने करावी तितकी केलेली नाही. ती म्हणजे निवेदकाची सर्वनामे. मराठीत आदरार्थी अनेकवचन आहे. पात्राला ‘तो’ म्हणावयाचे की ‘ते’, याचा निर्णय लेखकाला प्रत्येक वाक्यात करावा लागतो, आणि तो करताना तो बेसावध असतो. ‘इनामदार ओसरीवर आले. धोंड्या पायरीखाली उभा होता.’ हे नमुन्याचे वाक्य आहे, पण असली वाक्ये जुन्या ग्रामीण आणि मध्यमवर्गीय कथांत पानोपानी सापडतील. यात शिवी नाही, तिरस्कार नाही. लेखकाची सहानुभूती कदाचित धोंड्याच्याच बाजूने असेल. परंतु इनामदारांचे वय पंचवीस आहे आणि धोंड्याचे साठ. इनामदारांनी धोंड्याला ‘अरे’ म्हटले तर ते वास्तवाचे चित्रण होय; इनामदार तसेच बोलत. पण ‘आले’ आणि ‘उभा होता’ हे इनामदार बोलत नाहीत, निवेदक बोलतो. जो भेद पात्रांच्या मुखी दाखवावयाचा, तो निवेदकाने स्वतःच्याच व्याकरणात पाळलेला आहे. धोंडिबाचा धोंड्या कोणी केला? पात्राने केला असेल तर तो कथेचा विषय; लेखकाने केला असेल तर ती कथेची जात.

यावर कोणी म्हणेल की, आधुनिक कादंबरीचा नायकही ‘तो’च असतो. खरे आहे. तेथले एकवचन जवळिकीचे आहे, आणि लेखक त्या माणसाच्या मनात शिरलेला असतो. म्हणूनच केवळ सर्वनाम मोजून निकाल देता येत नाही. एकाच पानावरील दोन माणसांना निवेदक कसे वागवतो हे पाहावे लागते. जिज्ञासू कार्यकर्त्याने गावच्या वाचनालयातील कोणताही जुना कथासंग्रह घेऊन, हातात पेन्सिल धरून हा प्रयोग करावा. निष्कर्ष काढायला विद्यापीठाची पदवी लागणार नाही.

सुधारणावादी लेखकांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. श्री. म. माटे यांनी अस्पृश्यांच्या वस्तीत शाळा चालविल्या, त्यासाठी पुण्यातील सनातन्यांकडून ‘महार माटे’ अशी हेटाळणी ऐकून घेतली, आणि १९४१ मध्ये ‘उपेक्षितांचे अंतरंग’ लिहिले. १९५० साली विभावरी शिरूरकर यांनी ‘बळी’मध्ये काटेरी तारांच्या कुंपणातील गुन्हेगार ठरविलेल्या जमातींचे जिणे मांडले. या लेखनाला धाडस लागले. पण त्यांच्यामागून जो दयेचा प्रवाह आला, त्याने एक ठोकळा पक्का करून टाकला. त्यात अस्पृश्य हा सोशिक, स्वच्छ, इमानी आणि शक्यतो मरणपंथाला लागलेला. त्याचा छळ करणारा पाटील किंवा भटजी उघडउघड दुष्ट. आणि शेवटी शहरात शिकलेल्या तरुण सवर्णाचा हृदयपालट. अशा कथेने वाचकाचे डोळे ओलावतात. परंतु वाचक त्या पाटलात स्वतःला पाहत नाही, तो स्वतःला त्या तरुणात पाहतो आणि समाधानाने पुस्तक मिटतो. पूर्वग्रह नावाची वस्तू ही दुष्टांच्या मालकीची आहे, सज्जनांचा तिच्याशी संबंध नाही, एवढेच तो शिकतो. हे शिक्षण उपयोगाचे तर नाहीच, घातक आहे.

अमेरिकेतही हाच वाद होऊन गेला आहे. महाराष्ट्राला ती भूमी परकी नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी लोकांना, आणि १९७२ मध्ये मुंबईच्या तरुणांनी ‘पँथर’ हे नाव घेतले तेही तेथूनच. हॅरिएट बीचर स्टो यांच्या १८५२ च्या ‘अंकल टॉम्स केबिन’ने गुलामगिरीविरुद्ध लोकमत पेटविले, हे इतिहासाला मान्य आहे. तरीही १९४९ मध्ये जेम्स बॉल्डविन या तरुण निग्रो लेखकाने त्या कादंबरीवर कठोर टीका केली. तिच्या भावविवशतेत त्याला अप्रामाणिकपणा दिसला, आणि संतपदाला चढविलेल्या टॉममध्ये माणूस दिसला नाही. ज्याला राग येत नाही, वासना नाही, चूक करण्याचा अधिकार नाही, अशा पात्राला लेखकाने बरोबरीचे मानले असे कसे म्हणावे?

मराठीत या ठोकळ्यावर पहिला मोठा घाव घातला तो बाबूराव बागुलांनी. १९६३ साली आलेल्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहाची शीर्षककथा समाजवाद्यांनी आणि साम्यवाद्यांनी पुन्हा पुन्हा वाचावी अशी आहे. रेल्वेत नोकरीला लागलेला एक शिकलेला दलित तरुण गुजरातेत जातो, जात लपवून राहतो. कवी म्हणून, विद्वान म्हणून त्याचा सन्मान होतो. आणि जात उघडी पडताच त्याला मारहाण होते. मारणारे कोण? तेथे जमीनदार नाही, शंकराचार्य नाही. त्याच्याच बरोबर राबणारे रेल्वेचे कामगार आहेत. जे हात काल त्याच्या पायांना लागले तेच आज त्याच्यावर उठतात, आणि मधल्या काळात त्या माणसांचा पगार बदललेला नाही, वर्ग बदललेला नाही. बागुलांनी त्यांना राक्षस केलेले नाही, हे त्या कथेचे खरे भय आहे.

डाव्या चळवळीतील काहींना अशी कथा गैरसोयीची वाटते. कामगारांत फूट पडेल, मालकवर्गाचे फावेल, असे ते सांगतात. त्यांना मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासाची आठवण करून द्यावी लागते. विणकाम खात्यात पगार अधिक होता आणि त्या खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण धोट्यात नवी बॉबिन घातली की सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या ओठांना लागलेला धोटा इतर कामगार तोंडाला लावीत ना. हा नियम केवळ मालकाने लादलेला नव्हता. तो कामगारांनी पाळला होता. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेब आंबेडकरांना हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे आग्रहाने मांडावा लागला. फूट कथेने पाडली नव्हती, ती त्या धोट्याएवढी जुनी होती. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत जी दंगल पेटली तीही एकाच भोंग्यावर कामाला जाणाऱ्यांच्या वस्तीत पेटली. २७ जुलै १९७८ रोजी नामांतराचा ठराव विधिमंडळात झाल्यावर मराठवाड्यात दलितांच्या झोपड्या ज्यांनी जाळल्या, त्यांतही बंगलेवाले थोडे आणि कोरडवाहू शेतकऱ्यांची पोरे पुष्कळ होती. ठराव १९९४ च्या जानेवारीत नामविस्तार होऊन एकदाचा मार्गी लागला. परंतु त्या पोरांच्या घरात त्या रात्री काय बोलणे झाले, आईने भाकरी वाढताना काय विचारले, हे आतून सांगणाऱ्या किती मराठी कादंबऱ्या मोजता येतील?

येथे सवर्ण लेखकाची खरी जबाबदारी येते. १९७८ मध्ये ‘बलुतं’, १९८० मध्ये ‘उपरा’, पुढे ‘उचल्या’ अशी आत्मकथने आली आणि मराठी वाचक हादरला. त्यानंतर सवर्ण लेखकाने एक सोयीचा विनय धारण केला: हे दुःख आपले नव्हे, ज्याचे त्याने लिहावे. दुःखापुरते हे ठीक. पण पूर्वग्रह कोणाचा आहे? मोलकरणीची कपबशी खिडकीत निराळी का असते, खोली भाड्याने देताना आडनाव ऐकून आवाज कसा बदलतो, मुलीचे स्थळ सांगून येताच पुरोगामी घरात कुजबुज कोणत्या शब्दांत होते, हे ज्याच्या घरात घडते त्यालाच ठाऊक असते. अपमान झालेला माणूस दाराबाहेर उभा असतो. दाराआड काय चालले हे आतल्याने लिहावयाचे. ते न लिहिणे याला विनय म्हणता येत नाही.

मग शिव्यांचे काय करायचे? जातिवाचक शब्द छापावेत की नाहीत? १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यानंतर हा प्रश्न प्रकाशकांनाही पडतो. २००४ मध्ये दिल्लीत प्रेमचंदांच्या ‘रंगभूमी’च्या प्रती जाळल्या गेल्या, नायक सूरदास याचा उल्लेख वारंवार जातीने होतो, ही तक्रार होती. २०११ मध्ये अमेरिकेत मार्क ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’ची एक आवृत्ती निघाली, तीत काळ्या माणसासाठीचा तुच्छतादर्शक शब्द काढून ‘गुलाम’ हा शब्द घातला होता. पुस्तके जाळणे समाजवाद्याला कधीही मान्य होणार नाही, आणि मेलेल्या लेखकाचा शब्द बदलणे ही तर पुरावा पुसण्याची रीत झाली. तथापि, तक्रार करणाऱ्यास अडाणी म्हणून झटकून टाकणाऱ्यांनीही जरा थांबावे. ती तक्रार शब्दाविषयीची दिसली, तरी तिच्या मुळाशी बहुधा तोच प्रश्न असतो: हे कोण बोलत आहे, पात्र की निवेदक? चिनुआ अचेबे यांनी १९७५ मध्ये कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’वर जे प्रसिद्ध व्याख्यान दिले, त्यात त्यांचा मुख्य आक्षेप एखाद्या शिवीवर नव्हता. आफ्रिका हा गोऱ्या माणसाच्या मनःस्थितीचा नुसता पडदा केला गेला आणि आफ्रिकी माणसाला जवळजवळ बोलूच दिले नाही, यावर होता. सभ्य शब्दांत लिहिलेली कथाही या कसोटीवर नापास होऊ शकते, आणि शिव्यांनी भरलेली उतरू शकते.

आणखी एक पथ्य प्रगत लेखक पाळतात: पीडितांच्या मनातील पूर्वग्रह दाखवू नयेत. हमीद दलवाईंनी ते मोडले. १९६५ च्या ‘इंधन’मध्ये मुंबईहून कोकणातल्या आपल्या गावी परतलेला मुसलमान निवेदक आहे आणि भोवती मुसलमान, ब्राह्मण, कुळवाडी, महार यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे संबंध आहेत. जमिनीचे व्यवहार बदलतात, जुनी माणुसकी ताणली जाते, आणि अखेर गाव पेटते. त्यात कोणत्याही जमातीला निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र मिळत नाही, लेखकाच्या स्वतःच्या जमातीला तर नाहीच. राष्ट्र सेवा दलात वाढलेल्या या माणसाने पाच वर्षांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. कार्यकर्ता म्हणून त्याचे नाव समाजवादी घरांत अजून घेतले जाते. कादंबरी मात्र फारशी कोणी काढून वाचत नाही, आणि अभ्यासशिबिरांत कथावाचनाचा तास आला की बहुतेक ठिकाणी हृदयपालटाचीच एखादी गोष्ट निवडली जाते.